कंबर कसणे म्हणजे काय?

मराठीत कोणतेही अवघड काम अंगावर घेताना आपण 'कंबर कसतो'. हात कसत नाही, पाय कसत नाही, कंबरच कसतो. लावणीला उतरणारी बाई पदर खोचते, आखाड्यात उतरणारा मल्ल लंगोट आवळतो, ओझे उचलणारा हमाल कमरेला फडके गुंडाळतो. या मंडळींनी शरीरशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसते. पण जोर लावायचा तर आधी शरीराचा मधला भाग घट्ट हवा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. आपल्या जिमखान्यात आणि गल्लोगल्लीच्या जिममध्ये मात्र ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत, असे मला वाटते. आपले खेळाडू, आणि त्यांतही मुली, त्यापायी कंबर धरून बसत आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी कबड्डी खेळते. अकरावीत असताना एका उन्हाळी शिबिरात आम्हाला रोज सकाळी शंभर सिट-अप्स मारायला लावत. एकीने पाय दाबून धरायचे आणि दुसरीने डोक्यामागे हात घेऊन उठायचे. माझे शंभर सर्वांच्या आधी पुरे होत, आणि त्याचा मला कोण अभिमान होता! पुढे त्याच हंगामात एक पकड करताना चढाई करणारीने जोराचा हिसका दिला आणि माझ्या कमरेत उसण भरली. तीन आठवडे मला वाकून चप्पल घालता येत नव्हती. घरी आई म्हणाली, "तरी मी सांगत होते, मुलींनी पोटाचे व्यायाम करू नयेत." मैदानावर ऐकायला मिळाले, "पोट कच्चं आहे तुझं, उद्यापासून दीडशे मार." दोघांनीही काळजीपोटीच सांगितले. पण दोन्ही सल्ले चुकीचे होते, हे पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंशी बोलल्यावर आणि थोडे वाचन केल्यावर माझ्या ध्यानात आले.

पोटाचे स्नायू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच स्नायू येतो. बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत सरळ उतरणारा, सिनेमाच्या पोस्टरवर दिसणारा. वास्तविक पोटाच्या भिंतीत स्नायूंच्या चार जोड्या आहेत. समोर हा सरळ स्नायू. दोन्ही बाजूंना एकमेकांवर चढलेले दोन तिरपे स्नायू, एक बाहेरचा आणि एक आतला. त्या सर्वांच्या आत, पट्ट्यासारखा कमरेभोवती आडवा गुंडाळलेला चौथा. या डब्याला वरून श्वासपटलाचे झाकण आहे, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आहेत आणि मागे कण्याला धरून ठेवणारे पाठीचे लहानमोठे स्नायू आहेत. कमरेच्या पाच मणक्यांना बरगड्यांसारखा हाडांचा आधार नाही. त्यांना आधार आहे तो या स्नायूंच्या डब्याचा.

हा डबा काय काम करतो, हे पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. संध्याकाळच्या कर्जत किंवा बदलापूर गाडीत महिलांच्या डब्यात उभे राहावे. कल्याण सोडले की गाडी सांधे बदलते, डबा आडवा हिसका खातो, आणि विठ्ठलवाडी येईपर्यंत निम्म्या बायका एकमेकींच्या अंगावर जातात. एखादी मात्र कडी न धरता, हातातली भाजीची पिशवीही न सांडता उभी असते. तिचे पाय काही इतरांपेक्षा जाड नसतात. हिसका बसण्यापूर्वीच तिची कंबर नकळत घट्ट झालेली असते, एवढेच.

ही 'नकळत' होणारी गोष्ट 1996 साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी मोजून दाखविली. माणसाला झटकन हात वर करायला सांगितले, तर खांद्याचा स्नायू कामाला लागण्यापूर्वी, सेकंदाचा काही शतांश भाग आधी, पोटाचा तो आडवा स्नायू घट्ट होतो. म्हणजे हात हलण्याआधी कंबर कसली जाते! ज्यांना कंबरदुखीचा जुना त्रास होता, त्यांच्यात मात्र हा स्नायू उशिरा जागा होत होता. मला या प्रयोगातून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पोटाच्या स्नायूंचे खेळातले पहिले काम शरीर वाकविण्याचे नाही. कणा स्थिर धरणे आणि पायांतला जोर न सांडता हातांपर्यंत पोचविणे, हे ते काम होय.

वेगवान गोलंदाजाचे उदाहरण घ्या. चेंडूचा वेग दंडातून येतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो धावण्यातून आणि पुढचा पाय रोवण्यातून येतो. कमरेतून वर चढतो, आणि खांदा व मनगट त्याला शेवटचा झटका देतात. मधली कंबर ढिली असेल तर जोर तिथेच गळतो आणि मणक्यांवर नको तो भार पडतो. तरुण वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाण्याचे प्रमाण जगभर मोठे आहे. अर्थात त्याला अतिगोलंदाजी आणि चुकीची शैली हीही कारणे आहेत.

आता अडथळ्यांची शर्यत. 3000 मीटरच्या स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे, अशा एकूण 35 उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर एका पायावर उतरून लगेच पुढचे पाऊल टाकायचे. पाय थकले की कंबर एका बाजूला झुकू लागते आणि प्रत्येक पावलाला थोडाथोडा वेग जातो. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर हिने 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळविला. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी एखादी भारतीय स्त्री धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत उतरली होती. तिची शर्यत पुन्हा पाहा आणि पायांऐवजी कमरेकडे लक्ष द्या, म्हणजे मी काय म्हणते ते पटेल.

पण या विषयाचा खरा धडा आपल्या कबड्डीतच आहे. पूर्वी महाराष्ट्रात तिला हुतुतू म्हणत. चढाई करणाऱ्याला 30 सेकंद एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचे असते. म्हणजे श्वास सतत बाहेर सोडायचा, आणि त्याच वेळी वळायचे, वाकायचे, लाथ मारायची, पकड झालीच तर तिघाचौघांना ओढत मध्यरेषा गाठायची. श्वास जोराने बाहेर टाकणारे स्नायू कोणते? हेच पोटाचे. कणा धरून ठेवणारे कोणते? तेही हेच. एकाच स्नायूंना एकाच वेळी दोन नोकऱ्या! ज्याचे पोट श्वास रोखूनच घट्ट होते, त्याचा दम मध्येच तुटतो. ज्याचे पोट दम चालू असताना ढिले पडते, तो पहिल्याच झोंबीत खाली बसतो. आपल्याकडे 'दम असणे' या शब्दांत श्वास आणि ताकद दोन्ही आले आहेत, ते उगाच नव्हे.

पोटातील दाब आणि श्वास यांचा अभ्यास करण्यात मराठी मुलूख मागे नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या विठ्ठलवाडीवरून जाणारी लोहमार्गाची वाट कर्जतनंतर घाट चढून लोणावळ्याला जाते. तेथे 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले आणि दाबमापकाने मोजले. त्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. शंभर वर्षांपूर्वी योगक्रियेला यंत्र लावून पाहण्याची ही जिज्ञासा मला फार मोलाची वाटते. मात्र एक घोटाळा टाळायला हवा. उड्डियानात पोट आत ओढले जाते आणि आतला दाब घटतो. ओझे उचलताना किंवा पकड करताना पोट चारी बाजूंनी कसले जाते आणि आतला दाब वाढतो. कोणी आपल्या पोटात गंमतीने गुद्दा मारणार असेल तर आपण पोट जसे घट्ट करतो, तसे. मैदानावर 'पोट आत घे' असे ओरडणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता सध्याच्या वेडाबद्दल. 2007 साली 'ओम शांती ओम' पडद्यावर आला आणि 'सिक्स पॅक' हा शब्द घराघरांत पोचला. आज आपल्या भागातील प्रत्येक जिमच्या फलकावर असे एक पोट असतेच. माझा कोणाच्या हौसेला विरोध नाही. पण वस्तुस्थिती अशी की, त्या सरळ स्नायूवर आडव्या तंतुमय पट्ट्या असतात आणि त्यांच्यामुळे ते चौकोन उमटतात. चौकोन चार की सहा की आठ, हे जन्मतःच ठरलेले असते. ते दिसतात की नाही, हे वरच्या चरबीवर अवलंबून असते. शिवाय पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जाते, हाही भ्रमच. 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 24 जणांपैकी एका गटाने आठवड्यातून 5 दिवस, असे 6 आठवडे पोटाचे सात प्रकारचे व्यायाम केले. स्नायूंचा टिकाव वाढला, पण पोटावरची चरबी हलली नाही. याउलट आपल्या तांबड्या मातीतले पहिलवान पाहा. त्यांच्या पोटावर एकही चौकोन दिसत नाही, अनेकांचे पोट चांगले सुटलेले दिसते. पण त्या पोटाला हात घालून त्यांना उचलू पाहणाऱ्याला विचारा! दिसणे वेगळे आणि धरणे वेगळे, हे त्यांच्याइतके कोण सांगणार?

आणि सिट-अप्सचे काय? कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर पडणाऱ्या भाराचा कित्येक वर्षे अभ्यास केला. एका सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यावर सुमारे 3300 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 335 किलो वजनाएवढा दाब येतो, असे त्यांच्या मोजणीत दिसले. ओझे उचलणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेत जी सुरक्षित मर्यादा सांगितली जाते ती 3400 न्यूटनची. तरुण, निरोगी कणा असा भार अधूनमधून सोसतो, हे खरे. पण रोज शंभर वेळा, पाय दाबून, घाईघाईने, हिसके देत? शिवाय खेळात असा प्रसंग येतो तरी केव्हा? पाठीवर झोपून पुन्हा पुन्हा उठून बसणे हे कबड्डीत नाही, खो-खोत नाही, धावण्यात तर नाहीच. अमेरिकेच्या लष्कराने पिढ्यान् पिढ्या सैनिकांची परीक्षा सिट-अप्सने घेतली. पण 2022 साली अमलात आलेल्या चाचणीत सिट-अप्स राहिले नाहीत. त्यांच्या जागी प्लँक, म्हणजे कोपर आणि चवडे टेकून शरीर फळीसारखे ताठ धरणे, आले. आपण मात्र अजून शंभराच्या पाढ्यातच आहोत.

यात आपल्याला नवे असे काही नाही, असेही मी म्हणेन. जोर काढताना शरीर झोक्यासारखे पुढे जाते, पण कंबर मध्येच गळू द्यायची नाही, असे वस्ताद बजावतात. मुद्गल किंवा गदा फिरविताना ती आपल्याला खेचत असते आणि आपण न खेचले जाता उभे असतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला ऊर्जितावस्था आणली, त्या मल्लखांबात एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर शरीर आडवे धरून ठेवावे लागते. खाशाबा जाधवांचा ढाक हा हुकमी डाव. त्यात पायांचा जोर कमरेच्या एका झटक्यातून प्रतिस्पर्ध्यावर जातो. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या सर्व प्रकारांत पोटाचा वेगळा असा व्यायाम नाही. पोटाला सतत धरून राहण्याचे काम आहे. जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणत नाही. श्वास कोंडून शेकड्याने बैठका मारणे सर्वांच्याच गुडघ्यांना आणि छातीला मानवेल असे नाही.

मुलींचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा मांडते. 'मुलींनी पोटाचे व्यायाम करू नयेत, पुढे त्रास होतो' हे वाक्य माझ्या आईने तिच्या आईकडून ऐकले होते. त्याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कोंदणात सुरक्षित असते. ते प्लँकने सरकत नाही. खरा त्रास होतो तो स्नायू दुबळे राहिल्याने. धावताना किंवा उडी मारताना लघवीवरचा ताबा सुटणे ही खेळणाऱ्या कितीतरी मुलींची तक्रार असते. लाजेने कोणी बोलत नाही आणि मुली मुकाट्याने खेळ सोडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याच डब्याचा भाग आहेत. योग्य व्यायामाने त्यांनाही बळ येते. बाळंतपणानंतर पोटाचा मधला स्नायू दोन्ही बाजूंना पांगतो, त्यालाही वैद्यकीय सल्ल्याने पुन्हा तयार करावे लागते. 2012 साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. त्यांनी आजीबाईंचे ते वाक्य ऐकून घरीच बसायला हवे होते काय?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नुसते पोट बळकट करून कोणी धावपटू होत नाही. अभ्यासकांनी अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा धडाची ताकद आणि खेळातील कामगिरी यांचे नाते लहानच आढळले. धावायचे तर धावलेच पाहिजे, चढाई शिकायची तर अंगणात उतरलेच पाहिजे. पोट हा रथ नव्हे, रथाचा आस आहे. आस चांगला असला म्हणून रथ जिंकत नाही. पण आस मोडला तर घोडे कितीही चांगले असले तरी रथ जागचा हलत नाही. आपल्यासारख्या महाविद्यालयांत खेळाडू मागे पडतात ते कौशल्य नसल्यामुळे जितके, तितकेच हंगामाच्या मध्यावर 'मणक्यात गॅप आहे' असे सांगून घरी बसल्यामुळे. माझ्या ओळखीच्या अशा चार मुली आहेत. त्यांतल्या दोघी माझ्यापेक्षा चांगल्या खेळत.

तेव्हा आपल्या जिमखान्यासाठी माझी एक साधी सूचना आहे. दरवर्षी नव्या यंत्रांची मागणी होते. यंत्रे यायची तेव्हा येवोत. तोपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, तासिका सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे, सर्व खेळांच्या मुलामुलींनी एकत्र यावे. सतरंजीवर पाठीखाली हात ठेवून फक्त डोके व खांदे किंचित उचलणे, आळीपाळीने दोन्ही कुशींवर कोपर टेकून शरीर ताठ धरणे, ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय आणि मग डावा हात व उजवा पाय लांबविणे, हे तीन व्यायाम मॅकगिल यांनीच सुचविलेले आहेत. प्रत्येक वेळी आठदहा सेकंद धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. चौथा व्यायाम माझा. एका हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन, खांदा झुकू न देता, मैदानाची एक बाजू चालून जायची आणि हात बदलून परत यायचे. नळावरून पाणी भरणाऱ्या आपल्या घरांत हा व्यायाम कोणाला शिकवावा लागणार नाही. पाचवाही माझाच. प्लँक धरून मोठ्याने 'कबड्डी कबड्डी' म्हणायचे. दम तुटला की खाली यायचे. वर्षारंभीच्या चाचणीतही किती सिट-अप्स मारले हे न मोजता, शरीर न हलता आणि श्वास न कोंडता किती वेळ धरले, हे मोजावे. ज्याला आधीच कंबरदुखी किंवा हर्निया आहे, त्याने डॉक्टरांना विचारूनच यावे.

एवढ्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर 7,000 रुपयांना गहाण ठेवले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. आमच्या सरांनी आणि बाईंनी घरे गहाण ठेवावीत अशी आमची मुळीच अपेक्षा नाही. आम्ही मागतो आहोत ती आठवड्याची पाऊण तास वेळ, दहा सतरंज्या आणि चार बादल्या. बाकी कंबर आम्ही कसू.